‘गूढ अवशेष’, ‘पडकं’ की ‘ठाणं’? खेळातल्या अनोळखी दगडांना मराठीत काय म्हणावं

(तिघांमधली चर्चा. प्रत्येकाच्या बोलण्यावर त्याचं गाव दिलं आहे.)

खारेगाव, ठाणे

माझ्या नववीतल्या भाच्यासाठी ‘रूनस्केप’ या ऑनलाइन खेळाची वाटचाल, म्हणजे तो कसा खेळायचा याची वही, मराठीत लिहायला घेतली आणि एका जोडशब्दावर अडले. खेळात माळावर मध्येच पडक्या दगडांचं कोंडाळं दिसतं. त्यावर बाण नेला की इंग्रजीत ‘मिस्टीरियस रुइन्स’ एवढंच उमटतं. त्या जागेचा ताईत जवळ असेल तर आत जाता येतं, आणि आत वेदी असते, तिच्यावर रून, म्हणजे जादूसाठी लागणारे दगड, घडवतात. २००४ सालापासून हे कौशल्य खेळात आहे.

मी ‘गूढ अवशेष’ लिहिलं. भाच्याने वाचून विचारलं, “मावशी, गूढ म्हणजे भुताटकीचं ना?” मालिकांनी हा शब्द कुठे नेऊन ठेवलाय! ‘गूढ’ हा ‘गुह्’ धातूपासून आला, म्हणजे झाकणे. ‘गुहा’ त्याच घरातली. गूढ म्हणजे झाकलेलं, भीतीचा त्यात संबंध नाही. ‘रहस्य’ निराळं. ते ‘रहस्’ म्हणजे एकांत यावरून आलं. रहस्य कोणीतरी कोणाच्या तरी कानात सांगायचं असतं. इथे सांगणारं कोणी नाही, वेदी खरोखरच झाकलेली आहे. म्हणून ‘गूढ’वर मी ठाम आहे. ‘अवशेष’बद्दल मात्र मन साशंक आहे. अवशेष म्हणजे उरलेलं. ही जागा तर अजून काम करते.

ऐरोली

ताई, ‘पडकं’ घ्या की. पडका वाडा, पडकी विहीर असं आपण बोलतोच. ‘भग्नावशेष’ पाठ्यपुस्तकात ठीक, नववीतला मुलगा ते वाचून पान उलटेल.

दुसरं, ताईत वापरला की खेळ दिशा सांगतो. इंग्रजीत तिथे ‘खेचणे’ या अर्थाचं क्रियापद आहे. ‘ताईत वायव्येकडे खेचतो’ असं लिहू नका. ‘ताईत वायव्येकडे ओढ घेतो’ लिहा. बैल गोठ्याकडे ओढ घेतो, तसं. ‘ओढ’ म्हटलं की त्या दगडाचं आणि ताईताचं काहीतरी नातं आहे हे आपोआप कळतं.

सीबीडी बेलापूर

‘ओढ घेतो’ फार छान. ‘पडकं’ पटत नाही, कारण पडक्या वाड्याचा मालक गेलेला असतो. या जागेचा गेलेला नाही.

मी ‘ठाणं’ सुचवतो. संस्कृत ‘स्थान’, प्राकृत ‘ठाण’, त्यावरून ‘ठाणे’. ताईंच्याच गावाचं नाव. शिलाहारांच्या लेखांत ते ‘श्रीस्थानक’ आहे. पण बोलीत ‘ठाणं’ नुसती जागा नाही. देवाचं ठाणं, पोलीस ठाणं, ठाण मांडून बसणं, या सगळ्यांत कोणीतरी तिथे आहे आणि हटणार नाही, हा अर्थ आहे. आजी शेताच्या बांधावरचा शेंदूर फासलेला दगड दाखवून म्हणायची, “तिथून चपला काढून जा, ठाणं आहे.” कोणाचं, ते तिलाही माहीत नव्हतं. खेळातल्या त्या दगडांपाशी मला नेमकं हेच वाटतं.

याच ओघात ‘गधेगळ’ आठवला. उत्तर कोकणात शिलाहार काळातले हे दानाचे दगड सापडतात. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते असेपर्यंत दान टिको. खाली दान मोडणाऱ्यासाठी गाढवाचं शापचित्र, आणि काहींवर मजकूर. अलिबागजवळ अक्षीचा शके ९३४ चा मराठी शिलालेख अशाच दगडावर आहे. ‘गळ’ हा कन्नड ‘कल्लु’ म्हणजे दगड, तोच ‘वीरगळ’मधला. काही जण ‘गधेगाळ’ लिहितात आणि ‘गाळ’ म्हणजे शिवी असं मानतात. मला ‘कल्लु’ पटतो, कारण वीरगळात शिवी कुठेच नाही.

मुद्दा असा की हा दगड घडवला तेव्हा त्यात गूढ काही नव्हतं. तो सरळ कायदा होता. लिपी वाचणारी माणसं गेली, मग लोकांनी शेंदूर लावला, आणि दगडाचं ठाणं झालं.

खारेगाव, ठाणे

दादा, तुम्ही माझा पुढचा प्रश्नही सोडवलात. खेळातही असंच घडलंय! लंब्रिजच्या वाड्यातला ड्यूक तुम्हाला एक ताईत देतो, तो काय आहे हे त्यालाच ठाऊक नसतं. मनोऱ्यातला जादूगार ओळखतो आणि सांगतो की जुना मनोरा जळाला तेव्हा रूनच्या दगडांचं ज्ञानही गेलं. म्हणजे वेद्या जागच्या जागी होत्या, वाचणारे गेले.

आता ‘उगम’ या शब्दाचं बघा. उगम नदीला शोभतो. जागेच्या उत्पत्तीला आपल्याकडे ‘स्थळपुराण’ आहे. खेळ बनवणारे स्वतः सांगतात ते स्थळपुराण, आणि खेळाडू आपापसांत रचतात ती दंतकथा, दातांतून दातांत आलेली. दोन्हींना इंग्रजीतला ‘लोर’ (खेळातल्या जगाच्या कथा) म्हणून मोकळं व्हायला नको. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळातला काराझानचा बुरूज २००४ पासून बाहेरून दिसायचा, आतला भाग २००७ साली खुला झाला. मधल्या काळात लोक आडवाटेने खालच्या तळघरात शिरले, तिथे पाण्यात उलटे लटकलेले देह पाहिले आणि कथा रचत राहिले. ती अस्सल दंतकथा. दार उघडल्यावरही ती मिटली नाही.

ऐरोली

मग ‘एव्हरक्वेस्ट’मधल्या ड्रुइडांच्या, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्यांच्या, दगडी वर्तुळांना काय म्हणाल? १९९९ चा खेळ, तिथे ड्रुइड मंत्राने वर्तुळात जाऊन उभे राहतात. मला ‘रिंगण’ आवडेल.

सीबीडी बेलापूर

रिंगणात धावणारं कोणीतरी लागतं, वारीत घोडा असतो. उभ्या दगडांना ‘शिलावर्तुळ’च. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली शिलावर्तुळं आहेत, आत दफनं आहेत. आपल्याच मातीतला शब्द आहे, रुळलेला आहे.

मात्र ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळातल्या मूनगेटला, म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे नेणाऱ्या जादूच्या वाटेला, ‘चंद्रद्वार’ म्हणू नका. त्याला ना कवाड, ना उंबरठा. सुरुवातीच्या काळात कुठे पोचणार ते दोन चंद्रांच्या कलांवर ठरायचं. ‘चंद्रवेस’ म्हणा. वेस ओलांडली की गाव बदलतं.

खारेगाव, ठाणे

‘चंद्रवेस’ आत्ताच वहीत लिहिलं. पहिल्या पानावरचं वाक्य आता असं आहे: “माळावर एक गूढ ठाणं आहे. ताईत हातात घे. तो ज्या दिशेला ओढ घेईल, तिकडे चाल.” भाच्याने वाचलं आणि विचारलं, “कोणाचं ठाणं?”