दोन मीटिंगनंतरही मन रमले नाही. योग्य गट कसा ओळखावा?

किनारा (प्रश्न)

दारू बंद करून मला आज ४१ दिवस झाले. रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांबरोबरच आधारगटाच्या मीटिंगला नियमित जाण्यास सांगितले होते, त्याप्रमाणे मी दोन ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी बोलणाऱ्या बहुतेकांना दारू सोडून दहा-पंधरा वर्षे झालेली होती. त्यांच्या बोलण्यात ईश्वराचा उल्लेख वारंवार येत होता, आणि मी श्रद्धाळू नसल्यामुळे मला अवघडल्यासारखे झाले. दुसऱ्या ठिकाणी माझी पाळी आली तेव्हा मी नाव सांगितले आणि पुढे शब्दच फुटेना. मीटिंग संपल्यावर एका ज्येष्ठ सभासदाने मला बाजूला घेऊन, गोळ्या घेणारा माणूस खऱ्या अर्थाने दारूमुक्त नसतो, तेव्हा त्या बंद करा, असे सांगितले. त्यानंतर नऊ दिवस मी कुठेही गेलेलो नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास तलफ येते आणि तो एक तास काढणे फार जड जाते. गट चुकीचा आहे की माझीच तयारी नाही, हे कसे ओळखावे?

चौथी खुर्ची

सर्वप्रथम गोळ्यांविषयी. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया बंद करू नका. नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम ही दारूच्या व्यसनावरील मान्य औषधे आहेत, आणि कोणत्याही सभासदाने दुसऱ्याचा डॉक्टर होऊ नये, ही अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या आधारगटांच्या संघटनेची स्वतःचीच भूमिका आहे. त्या गृहस्थांचा हेतू चांगला असेलही, परंतु तो सल्ला गटाचा नव्हता, त्यांचा एकट्याचा होता.

ही संघटना १९३५ साली दोन व्यसनी माणसांच्या भेटीतून सुरू झाली आणि तिचे प्रत्येक गट आजही आपापला कारभार स्वतंत्रपणे पाहतात. त्यामुळे एका मीटिंगवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. कुठे केवळ अनुभवकथन असते, कुठे संघटनेच्या दारूमुक्तीच्या बारा पायऱ्यांपैकी एकेका पायरीवर चर्चा चालते, कुठे एकच वक्ता पूर्ण वेळ बोलतो. खुल्या मीटिंगला कोणीही येऊन नुसते ऐकू शकते, तर बंद मीटिंग केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. सभासदत्वाची अट एकच आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. श्रद्धेची अट नाही. बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे हे खरे, पण तो 'आम्हाला जसा उमगला तसा' या शब्दांसह आहे, आणि माझ्या ओळखीचे कितीतरी नास्तिक सभासद गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानून वर्षानुवर्षे दारूपासून दूर राहिले आहेत.

माझे सांगायचे तर पहिल्या तीन मीटिंगमध्ये मी दाराजवळ बसलो आणि सर्वांच्या आधी बाहेर पडलो. चौथ्या ठिकाणी एका माणसाने सांगितले की तो बाटली स्वेटरच्या बाहीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवत असे आणि घरात कोणी कपाट उघडले की त्याच्या छातीत धडधड होई. स्वेटर, बाही, वरचा कप्पा, सगळे माझेच होते. त्या दिवशीही मी बोललो नाही, पण दुसऱ्या आठवड्यात पुन्हा त्याच खोलीत गेलो. माझ्या मते गट पारखण्याची खूण हीच: तिथे ऐकताना आपली लपवाछपवी आपल्याला आठवते का, आणि ती कधीतरी मोठ्याने सांगता येईल असे वाटते का. पाळी आली की 'आज मी फक्त ऐकतो' एवढे म्हटले तरी पुरते. मात्र निवड करत असतानाचे दिवस रिकामे जाऊ देऊ नका. मनासारखा गट मिळेपर्यंत मनासारखा नसलेल्या गटात बसा.

अबोली

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, तरी बारा पायऱ्यांचा मार्ग हा एकमेव नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. स्मार्ट रिकव्हरी ही १९९४ साली सुरू झालेली संघटना विचार आणि वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर भर देते, तिथे ईश्वराचा विषय नसतो आणि तलफ आल्यावर नेमके काय करायचे याचा सराव करून घेतला जातो. तिच्या मीटिंग ऑनलाइनही होतात. मी स्वतः स्त्रियांच्या गटात स्थिरावले. मिश्र मीटिंगमध्ये सर्वजण सज्जनपणे वागत होते, तरी मुले झोपल्यावर मी काय करत असे ते पुरुषांसमोर माझ्या तोंडून निघेना. मग दोष गटाचा की माझा, हा प्रश्न मी सोडून दिला आणि कुठे बोलता येते एवढेच पाहिले.

बारा पायऱ्यांवर पूर्ण फुली मारू नये असेही वाटते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० साली २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात पद्धतशीरपणे या मार्गाला जोडून दिलेल्या रुग्णांमध्ये सलग दारूमुक्त राहण्याचे प्रमाण इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा अधिक आढळले.

पायवाट

एक व्यावहारिक सूचना. आपल्याला सातच्या सुमारास तलफ येते, तर साडेसहाला सुरू होणारी मीटिंग शोधा, म्हणजे तो तास चार माणसांत जाईल. निघताना दोघांचे फोन नंबर मागून घ्या आणि गरज नसतानाच एकदा फोन करून ठेवा. गरज पडल्यावर पहिला फोन करणे फार अवघड असते.

किनारा

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. आज डॉक्टरांना फोन केला. गोळ्या चालूच ठेवायच्या आहेत. गुरुवारी साडेसहाची एक खुली मीटिंग सापडली आहे, आणि त्या दिवशी फक्त ऐकणार असल्याचे तिथल्या संयोजकांना आधीच कळवले आहे. त्यांनी, 'या, दाराजवळची खुर्ची ठेवतो,' असे उत्तर दिले.