जादा दराचे फोन नंबर: नियम आवळावेत की ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत?

चौकस: भविष्य, क्विझ, टीव्हीवरचं मतदान... असल्या नंबरांवर साध्या कॉलच्या कितीतरी पट पैसे लागतात. ते फोनच्या बिलातूनच जातात, वर टेलिफोन कंपनीलाही त्यात वाटा. दुकानात निदान खिशात हात घालावा लागतो, इथे बिल आल्यावर कळतं. माझं म्हणणं एवढंच: फोन लागताच दर सांगा आणि ऐकून कुणी फोन ठेवला तर छदाम घेऊ नका. अमेरिकेत ९०० ने सुरू होणाऱ्या महागड्या नंबरांना १९९३ पासून हे बंधन आहे.

मोकळा वारा: म्हणजे पुन्हा सरकारने बोट धरून चालवायचं? दर जाहिरातीत छापलेला असतो. याच वाटेने लोक एका मेसेजवर देणगीही देतात, कार्ड लागत नाही. दरवेळी 'नक्की ना?' विचारलंत तर निम्मे मधेच सोडतील.

चौकस: दर ऐकून सोडणार असतील तर आधी ते कशाच्या भरवशावर पैसे देत होते?

बिल माझ्या नावावर: छापलेला असतो, मुंगीच्या अक्षरात. शिवाय फोन करणारा एक, पैसे भरणारा दुसरा. सात वर्षांच्या भाच्याने कसल्याशा खेळासाठी फोन लावला आणि होल्डवरची गाणी ऐकत बसला. कंपनीचं उत्तर: "कॉल तुमच्याच फोनवरून झालाय." अमेरिकेत बारा वर्षांखालच्या मुलांसाठी अशा जाहिराती करायला (शैक्षणिक सेवा सोडून) बंदी आहे, ती उगाच नाही.

मोकळा वारा: भाच्याचं पटलं. असे नंबर फुकटात ब्लॉक करता यायलाच हवेत. पण ब्रिटनमध्ये १९८६ पासून यासाठी वेगळी नियामक संस्था होती. तरी जीएमटीव्ही वाहिनीच्या स्पर्धांत लाइन बंद होण्याआधीच विजेते निवडले जात होते, आणि लोक पैसे मोजून फोन करतच होते! २००७ मध्ये २० लाख पौंड दंड झाला. नियम होतेच की.

जुनी तार: वाहिनी जागेवर सापडते हो, दंड करता येतो. भामटा नंबर बंद करून पसार होतो. डायल-अपच्या, म्हणजे फोनलाइनवरून इंटरनेट जोडायच्या काळात संगणकात शिरलेले डायलर नावाचे चोरटे प्रोग्रॅम गुपचूप महागडा नंबर फिरवायचे, तिथे डोळे उघडे ठेवून काय दिसणार होतं? पैसा अडवा. कंपनीने नंबरवाल्याला त्याचा वाटा लगेच द्यायचाच नाही. ब्रिटनने ३० दिवस थांबायला लावलं.

मोकळा वारा: आणि प्रामाणिक छोट्या सेवावाल्याने महिनाभर खायचं काय?

जुनी तार: त्याचा ग्राहकही बिल महिन्यानेच भरतो ना? अजून कुणी न भरलेले पैसे त्याला आज कशाला हवेत?