पहिल्या नगरसेविकेच्या आठवणी : सोलापूरकरांचे अनुभव

आमच्या पेठेतील तरुण मंडळाने आपल्या अभ्यासिकेला वॉर्डातील पहिल्या महिला नगरसेविकेचे नाव द्यायचे ठरवले. माझी सगळी नोकरी सभांची इतिवृत्ते लिहिण्यात गेली असल्यामुळे फलकाचा मजकूर लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. बाईंचे नाव लिहून झाले, ‘लोकप्रिय’ हे विशेषण लिहून खोडूनही झाले, पण लेखणी पुढे सरकेना. बाईंनी नेमके काय केले, असे चार वडीलधाऱ्यांना विचारले, तेव्हा त्यांपैकी तिघांनी बाईंच्या यजमानांच्या आठवणी सांगितल्या. म्हणून हे आवाहन करीत आहे.

सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची आणि महापालिका १९६४ सालची. राज्याने स्थानिक संस्थांत महिलांना आधी तीस टक्के जागा दिल्या, जून १९९३ पासून ७४ व्या घटनादुरुस्तीने किमान एक तृतीयांश जागा बंधनकारक केल्या आणि २०११ मध्ये राज्यातील हे प्रमाण निम्म्यावर गेले. २०१७ च्या सभागृहात १०२ पैकी ५१ जागा महिलांच्या होत्या. २०१२ ते २०२२ या काळात अलका राठोड, सुशीला आबुटे, शोभा बनशेट्टी आणि श्रीकांचना यन्नम अशा चार महिला एकापाठोपाठ महापौर झाल्या, आणि त्याचे कोणाला फारसे नवलही वाटले नाही. परंतु आपल्या वॉर्डातून पहिल्यांदा निवडून येऊन ज्या बाई इंद्रभुवनच्या, म्हणजे महापालिकेच्या मुख्य इमारतीच्या, आवारात शिरल्या, त्यांच्याविषयी लिहिलेले फार थोडे सापडते. इतिवृत्तात ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे येतात. सूचना मांडण्याआधी कोणी किती उंबरे झिजवले, ते त्यात येत नाही. ही माहिती तुमच्याकडे आहे. ऐकीव नको, स्वतः पाहिलेले लिहावे. गौरवपर लिहिलेच पाहिजे असे नाही.

विडी कामगार महिलेची मुलगी, पूर्व भाग

आमच्या गल्लीत राहणाऱ्या अक्का निवडून आल्या, तेव्हा मी सातवीत होते. त्यांचे शिक्षण तेलुगू शाळेत चौथीपर्यंत झाले होते. मराठी त्या व्यवस्थित बोलत, पण वाचताना अडखळत. सभेची विषयपत्रिका घरी आली की त्या माझ्या आईला सांगून मला बोलावून घेत. मांडीवर सूप, त्यात कातरलेली पाने आणि तंबाखू, आणि समोर जमिनीवर मी कागद पसरून बसलेली, असे ते दृश्य होते. नगरसेविका झाल्यावरही त्यांनी विड्या वळणे सोडले नाही, कारण हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवरच त्यांचे घर चालत होते.

मी एकेक विषय वाचत असे. ‘अंदाजपत्रकास प्रशासकीय मान्यता देणेबाबत’ असे काही आले की त्यांचे हात थांबत आणि त्या विचारत, “म्हणजे काय गं?” मलाही ते कळत नसे, म्हणून दुसऱ्या दिवशी मी आमच्या मराठीच्या बाईंना विचारून येई. असे करता करता ‘तरतूद’, ‘वर्गीकरण’, ‘कार्योत्तर मंजुरी’ हे शब्द आम्ही दोघी मिळून शिकलो. त्यांतील कार्योत्तर मंजुरीचा अर्थ ऐकून अक्का बराच वेळ हसल्या होत्या. “आधी जेवायचं, मग विचारायचं, जेवू का?” असे त्या म्हणाल्या. पुढे तो शब्द आला की मी न वाचताच त्या ओळखीत.

सभेत त्या कधी लांब भाषण करीत नसत, असे त्या स्वतःच सांगत. त्यांचे माझ्यावरचे ऋण सांगायचे तर, मी आज एका बँकेत अधिकारी आहे आणि कोणताही कागद अर्थ समजल्याशिवाय पुढे सरकवत नाही.

निवृत्त चावीवाला

मी पाण्याचे व्हॉल्व्ह सोडण्याचे काम करीत असे. पाणी रात्री-अपरात्री सोडावे लागे. पुढारी मंडळी दिवसा माणूस पाठवून निरोप देत. आमच्या भागातील बाई मात्र पहाटे तीन वाजता डोक्यावरून शाल घेऊन स्वतः व्हॉल्व्हपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि घड्याळ पाहत राहिल्या. मला त्यांचा रागच आला होता. वरच्या गल्लीला खालच्या गल्लीपेक्षा वीस मिनिटे कमी मिळतात, हे त्यांनी असे तीन वेळा येऊन वहीत लिहिले, आणि त्यानंतर माझ्या वेळा बदलल्या.

एका माजी नगरसेविकेचे यजमान

बरेच दिवस मनात असलेली गोष्ट लिहितो. पत्नी निवडून आली आणि हार माझ्या गळ्यात पडले. झोन कार्यालयात मी गेलो की खुर्ची पुढे येत असे, लोक मला ‘नगरसेवक’ म्हणत आणि मी ते दुरुस्त करीत नसे. तिच्या नावाची पत्रे मी लिहीत होतो आणि शिक्का माझ्या खिशात असे. माझ्या मते मी तिला मदतच करीत होतो.

एका सकाळी शिक्का जागेवर नव्हता. तो तिने पिठाच्या डब्यात ठेवला होता. भांडण झाले नाही. “पत्र मी लिहीन, तुम्ही शुद्धलेखन बघा,” एवढेच ती म्हणाली. पहिले पत्र तिने चार वेळा लिहिले. विषय होता महिलांच्या स्वच्छतागृहाचे दार हमरस्त्याकडे न ठेवता बाजूला घेण्याचा. पुरुषांची वर्दळ असलेल्या चौकासमोर दार उघडत असल्यामुळे बायका तिथे जातच नव्हत्या. मी त्या चौकातून रोज जात होतो, तरी हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ती जाऊन सहा वर्षे झाली. दार अजून बाजूलाच आहे.

एक शिक्षिका, विजापूर रोड

सगळ्याच पहिल्या बाईंचा वारसा गौरवाने सांगण्याजोगा असतो, असे मला वाटत नाही. आमच्याकडील बाईंना पाच वर्षांत मी फक्त डिजिटल फलकावर पाहिले, आणि त्या फलकावरही दिराचा फोटो मोठा होता. हे लिहिणे कटू वाटेल. पण सरसकट सगळ्यांना आद्य कर्तृत्ववान ठरवले, तर पहाटे शाल घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईंवर तो अन्याय होईल.

माजी नगरसेविका, हद्दवाढ भाग

वरील शिक्षिकेचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु त्यात एक भर घालते. १९९२ मध्ये आमचे गाव शहरात आले आणि ग्रामपंचायत गेली. रस्ता कच्चा, दिवे नाहीत आणि कर मात्र शहराचा, अशा अवस्थेत मी पुढे महिला राखीव जागेवरून निवडून आले. पहिली दोन वर्षे कोणता अर्ज कोणत्या टेबलावर जातो हे समजण्यातच गेली. तिसऱ्या वर्षी गटारीचे काम मंजूर झाले आणि पाचव्या वर्षी ते संपत आले, तोच पुढच्या निवडणुकीची सोडत निघाली आणि माझा वॉर्ड खुला झाला. पक्षाच्या कार्यालयात मला अगदी सौजन्याने सांगण्यात आले, “वहिनी, आता तुमची जागा राहिली नाही.” खुल्या जागेवरही बाई उभी राहू शकते, हा कायदा त्या खोलीत बसलेल्या सर्वांना माहीत होता.

मी अपक्ष उभी राहिले आणि पडले. राखीव जागा फिरती असल्यामुळे अनेकींची पहिली पाच वर्षे हीच शेवटची ठरली. बाई काम शिकते तेव्हाच तिला घरी पाठवले जाते, मग तिच्यामागे फलकाखेरीज काय उरणार? ज्या काही जणी खुल्या जागेवरून पुन्हा निवडून आल्या, त्यांच्याविषयी कोणी लिहील तर मला वाचायला आवडेल.

आवाहनकर्ता

वहिनींचा मुद्दा मी टिपून ठेवला आहे. फलकावर बाईंचे नाव मोठ्या अक्षरात लिहून खाली त्यांनी सूचक म्हणून मांडलेल्या ठरावांचे विषय द्यावेत, असे मी मंडळाला सुचवले. मुलांना ते रुक्ष वाटले. माझा आग्रह कायम आहे. पूर्व भागातील ताईंना एक विचारतो : अक्कांच्या विषयपत्रिकांपैकी एखादी शिल्लक आहे का?

विडी कामगार महिलेची मुलगी, पूर्व भाग

एक आहे. अक्का गेल्यावर त्यांच्या सुनेने रद्दीतून काढून मला दिली. कागदावर तंबाखूचे डाग आहेत आणि समासात पेन्सिलीने तेलुगूत प्रत्येक विषयापुढे एकच प्रश्न लिहिलेला आहे, ‘मनकु एंता?’, म्हणजे आपल्याला किती? बहुतेक विषयांपुढे त्याचे उत्तर म्हणून शून्य आहे. सार्वजनिक नळांच्या विषयापुढे त्यांनी आधी २ लिहिला होता. तो खोडून शेजारी ३ केलेला आहे.