पैसे बेताचे असताना नाताळला मुलांना काय दिलंत? अनुभव लिहा

नोव्हेंबर संपत आला की माझा जीव खालीवर व्हायला लागतो. नाताळ मला मनापासून आवडतो, पण मुलं तीन (वय ११, ७ आणि अडीच) आणि घरात येणारा पगार एक. गेल्या वर्षी २० तारखेपर्यंत मी काहीच घेतलं नाही, उद्या बघू परवा बघू करत राहिले आणि शेवटच्या तीन दिवसांत मिळेल ते उचललं, सगळं क्रेडिट कार्डावर. त्यातला रिमोटवर चालणारा डायनासोर जानेवारीतच बंद पडला आणि त्याचे हप्ते मी एप्रिलपर्यंत भरत होते. दर महिन्याला तो मेसेज आला की कसंतरीच व्हायचं.

यंदा तसं होऊ द्यायचं नाहीये म्हणून सगळ्यांना विचारतेय. तुम्ही काय दिलंत, कसं शोधलंत, काय फसलं, मुलं काय म्हणाली? "खर्च कमी करा", "मुलांना समजावून सांगा" हे नको, ते माहितीये. नेमकं लिहा, आणि मुलांची वयं लिहिलीत तर फार उपयोग होईल.

*

माझी मुलगी १० वर्षांची. माझ्या पर्समध्ये एक छोटी वही असते आणि मुलगी वर्षभरात जे सहज बोलून जाते ते मी त्यात लिहून ठेवते. डिसेंबरमध्ये विचारलं ना "तुला काय हवं" की ती जाहिरातीत बघितलेलं सांगते किंवा मैत्रिणीकडे आहे ते सांगते. पण जूनमध्ये एकदा पांघरुणात पुस्तक वाचताना कुरकुरत होती की डोक्याला लावायचा टॉर्च असता तर दोन्ही हात मोकळे राहिले असते. मी लिहून ठेवलं, नाताळला दिला, अगदी साधा टॉर्च, आणि ती बघतच राहिली. "तुझ्या लक्षात होतं?" असं तीनदा विचारलं. त्याच वर्षी मिळालेलं एक महागातलं सायन्स किट अजून सील न फोडता कपाटावर आहे.

वहीचा दुसरा फायदा म्हणजे खर्च वर्षभरात विभागला जातो. सेल लागला की आधी वही बघायची, यादीत असेल तरच घ्यायचं. आणि कुठे लपवलं तेही लिहा, माझ्या रंगपेट्या एकदा थेट मार्चमध्ये सापडल्या.

*

सेकंडहँड लेगो. यावर मी कितीही लिहू शकतो. नव्या सेटच्या किमती बघून दोन वर्षं मी तो विषयच टाळत होतो, मग एका ओळखीच्या घरातला मुलगा मोठा झाला म्हणून त्यांनी अख्खा खोका विकायला काढला, सगळे सुटे ब्रिक, कुठल्या सेटचे पत्ता नाही, सूचनांची पुस्तकं नाहीत. घेऊन टाकला. लेगोचं कसंय, आतल्या नळ्यांच्या रचनेचं पेटंट त्यांनी १९५८ साली घेतलं आणि तेव्हाचा ब्रिक आजच्या ब्रिकला बसतो, त्यामुळे जुनं म्हणून वाया गेलं असं होतच नाही. सूचना त्यांच्या साइटवर फुकट मिळतात. सगळे ब्रिक कोमट साबणाच्या पाण्यात हाताने धुतले (पाणी ४० अंशांच्या वर नको), चादरीवर पसरून पंख्याखाली वाळवले आणि मग मी आणि बायको चार रात्री मुलगा झोपल्यावर रंगाप्रमाणे वेगळे करत बसलो. इतक्या दिवसांत आम्ही दोघं एवढं बोललो नव्हतो.

मुलगा ८ वर्षांचा. त्याने विचारलं हे नवीन आहे का. मी खरं ते सांगितलं, की एका दादाचं होतं, त्याने जपून ठेवलं होतं. दोन दिवसांनी बघतो तर पोराने एक गाडी करून बाजूला ठेवलेली, म्हणे ही त्या दादाला द्यायची.

जिगसॉ मात्र जुनं घेताना मोजून घ्या. आमच्या १०० तुकड्यांच्या खोक्यात ९६ निघाले आणि नाताळच्या दिवशी दुपारी रडारड झाली. पत्ते ५२, डॉमिनो २८, बुद्धिबळाच्या सोंगट्या ३२, तिथल्या तिथे मोजायचं, विकणाऱ्याला कशाला राग येईल.

*

सायकल. चुकलेला अनुभव आहे पण उपयोगी पडेल. मुलगा ५ वर्षांचा होता, वाढतं अंग आहे, मोठी घेऊ म्हणजे चार वर्षं पुरेल असा हिशोब करून २० इंची चाकाची जुनी सायकल घेतली. सीट सगळ्यात खाली करूनही पाय टेकेनात. एकदा पडला आणि मग हातच लावेना. दीड वर्ष सायकल तशीच उभी, तिच्यावरचा रिबिनीचा बो पण मी काढला नव्हता. शेवटी सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांनी सांगितलं की वयावर जाऊ नका, मुलाला भिंतीला टेकून उभं करा आणि जांघेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा, शिकताना सीट त्याच्यापेक्षा उंच नको, दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत. मग १६ इंची आणली, आठवड्यात शिकला. जुनी घेताना ब्रेकचे रबर, चेन, टायरच्या भेगा बघा, पण ते सगळं बदलता येतं. फ्रेम वाकलेली असेल तर फुकट दिली तरी नको.

*

धाग्याच्या सुरुवातीला अडीच वर्षं वाचलं म्हणून मुद्दाम लिहितेय, प्लीज पूर्ण वाचा.

माझी धाकटी दीड वर्षाची असताना तिला कुणीतरी दिवे लागणारी कांडी दिली होती. हौसेने दिली होती, स्वस्तातली. दुसऱ्या दिवशी ती फरशीवर आपटली, झाकण उघडलं आणि आतले तीन बटण सेल घरंगळले. दोन सापडले. तिसरा सोफ्याखाली सापडेपर्यंतची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. बटण सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून गंभीर भाजू शकतं, आणि सुरुवातीला मुलाला काही होतंय असं दिसेलच असं नाही. २० मिलिमीटरचे नाण्यासारखे लिथियम सेल सगळ्यात धोक्याचे. नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल, उलटी काढायला जायचं नाही.

तेव्हापासून माझे नियम ठरलेत. झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं घरात येत नाही. सुटे छोटे जोरदार चुंबक नकोत, दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना ओढून धरतात. बॉक्सवर ०-३ लिहून काट मारलेलं चिन्ह असेल तर मूल कितीही हुशार असलं तरी ३ पूर्ण होईपर्यंत थांबायचं. आणि टॉयलेट पेपर संपला की आतली पुठ्ठ्याची नळी ठेवून द्या, जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते ती लहान मुलाच्या हातात द्यायची नाही. घरी बाहुली शिवत असाल तर डोळ्यांना बटणं लावू नका, दोऱ्याने भरा.

एवढं सगळं करून तिला दुसऱ्या वर्षी काय दिलं तर एक टोपली. त्यात वेगवेगळ्या झाकणांचे रिकामे डबे, लाकडी डाव, मऊ कापडाचे तुकडे, एक जुनी पर्स चेनवाली. तासनतास ती चेन उघडमीट चालायची.

*

आमच्याकडे चुलत, मावस, आते मिळून ७ मुलं. प्रत्येकाने प्रत्येकाला द्यायचं म्हणजे ४२ गिफ्टं होतात, मी एकदा कागदावर मांडून दाखवलं तेव्हा सगळे गप्प झाले. मोठ्या जाऊबाईंनी पुढाकार घेतला आणि आम्ही चिठ्ठ्या टाकल्या, प्रत्येक मुलाने एकच नाव उचलायचं आणि त्याच्यासाठीच घ्यायचं. ४२ ची ७ झाली. पहिल्या वर्षी एका घराने ठरलेल्या रकमेच्या तिप्पट आणलं, मनात वाईट काही नव्हतं पण बाकीच्या सहा मुलांचे चेहरे बघवेनात. आता आम्ही आधी स्पष्ट बोलतो, वरची मर्यादा ठरवतो, आणि सगळ्यात कमी ज्याला परवडतं त्याच्या आकड्यावर ती ठरते. हा आकडा विचारायचा अवघड प्रसंग जाऊबाई एकेकाला फोन करून पार पाडतात, सगळ्यांसमोर विचारत नाहीत. त्यांचं मला फार कौतुक आहे.

*

माझी नोकरी ऑक्टोबरमध्ये गेली. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६. मुलीने सांताला पत्र लिहिलं होतं, टॅब हवा म्हणून. मी दोन रात्री झोपलो नाही, मग बायको म्हणाली की तिला सांग. मी सांगितलं, की बाबाचं काम सध्या बंद आहे, घर चालेल, शाळा चालेल, पण टॅब यंदा होणार नाही. ती म्हणाली पण सांताला कुठे पैसे लागतात? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग आम्ही तेव्हापासून एक बदल केला तो कायमचा. सांता फक्त छोटं देतो, मोज्यात मावेल एवढंच. काही मोठं असेल तर ते आईबाबांच्या नावाने. कारण वर्गात एकाला सांता टॅब देतो आणि दुसऱ्याला खोडरबर, तर त्या दुसऱ्या मुलाने काय समजायचं, आपण वाईट वागलो म्हणून? हे माझ्या आधी डोक्यातच आलं नव्हतं. मुलीला मी संत निकोलसची गोष्ट सांगितली, चौथ्या शतकात मायराला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बिशप होते ते, आणि एका गरीब बापाच्या तीन मुलींसाठी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकून गेले अशी कथा आहे. तिने विचारलं, बापाला कळलं का कुणी दिलं? मी म्हटलं काही जण सांगतात की तिसऱ्या वेळी त्याने जागून पकडलं. हा भाग तिला फार आवडला.

त्या वर्षी तिला जुन्या चादरींचा तंबू करून दिला, मुलाला पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गॅरेज. काम मला फेब्रुवारीत मिळालं. तंबू अजून आहे.

*

मी आईवडील म्हणून नाही, मुलगी म्हणून लिहिते. मी ७ वर्षांची असताना नाताळच्या आधी आठदहा दिवस रोज रात्री शिवणयंत्राचा आवाज यायचा. दिवसभर आई लोकांचं शिवायची त्यामुळे मला वाटलं जास्तीचं काम आलंय. नाताळच्या सकाळी माझी जुनीच बाहुली उशाशी होती, तिचे केस नीट विंचरलेले आणि अंगावर नवीन फ्रॉक, आणि शेजारी खोक्यात अजून पाच फ्रॉक, एक कोट, एक झोपायचा गाऊन. सगळे उरलेल्या तुकड्यांचे. निळा फ्रॉक कुठल्या काकूंच्या ब्लाउजचा आणि पिवळा कुणाच्या पडद्याचा हे मी ओळखू शकत होते. माझ्या मैत्रिणीला नवी बाहुली आली होती, ती माझ्याकडे येऊन बसायची कारण तिच्या बाहुलीला एकच फ्रॉक होता. कोटाला खिसे होते, खरे, बोट जाईल असे. आता माझं वय ४३ आहे आणि आई नाहीये. कोट माझ्याकडे आहे.

*

कूपनबद्दल एक सांगायचंय. पैसे नव्हते म्हणून मी मुलाला हाताने लिहिलेली १२ कूपनं दिली, महिन्याला एक. "उशिरापर्यंत जागायचं", "आज जेवण तू ठरवायचं", "बाबांबरोबर अख्खा रविवार, फोन बंद". तो खूप खूश झाला. पण मी ती पाळली नाहीत. रविवारचं कूपन त्याने तीनदा आणून दिलं आणि तीनदा मी पुढच्या आठवड्यात म्हटलं. नंतर त्याने आणायचं बंद केलं. दोन वर्षांनी ते त्याच्या कंपासपेटीत दिसलं, घडी घालून. त्याच रविवारी फोन कपाटात ठेवून आम्ही बाहेर पडलो. द्यायची असतील तर थोडीच द्या आणि तारीख घालून द्या, तारीख असली की टाळता येत नाही.

*

मी ज्यांना परवडत नाही अशा घरांसाठी दरवर्षी खेळणी गोळा करणाऱ्या गटात काम करते. दोनच गोष्टी. १२ ते १६ वयाच्या मुलांसाठी फार कमी येतं, सगळ्यांना लहान मुलांचंच घ्यायला आवडतं, तर चांगला बॉल, स्केचपेन्सिली, केसांचा ब्रश-क्लिपांचा सेट, इअरफोन असं काही द्या. आणि आम्ही आधी सगळं पॅक करून वाटायचो, आता पॅक करत नाही. आईवडील येऊन स्वतः निवडतात आणि कागद घेऊन जातात, पॅक घरी करतात. एका आईने तो कागद आणि चिकटपट्टी हातात घेतली तेव्हाचा तिचा चेहरा, त्यानंतर आमच्यात यावर परत चर्चाच झाली नाही. हो, आणि बॅटरी लागत असेल तर बॅटरी सोबत द्या.

*

टॅब सेकंडहँड घेणार असाल तर एकच. त्याला अजून सिक्युरिटी अपडेट येतात का बघा आणि आधीच्या मालकाचं अकाउंट त्याच्याच समोर काढून घ्या. नाहीतर रिसेट केल्यावर जुना पासवर्ड मागतो आणि हातात नुसती पाटी राहते.

*

सगळं वाचलं. बाहुलीच्या कोटाचं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायला गेले आणि मध्येच थांबावं लागलं.

आज काय केलं ते सांगते. पुठ्ठ्याची नळी घेऊन घरभर फिरले, धाकट्याच्या टोपलीतल्या ११ वस्तू तिच्यातून गेल्या, त्यात एका जुन्या रिमोटच्या मागचं झाकण स्क्रूशिवायचं होतं, काढून टाकला. कार्ड नवऱ्याकडे दिलंय, रोख रक्कम तीन पाकिटांत घातलीये. मधलीसाठी माझ्या बहिणीकडचे लेगो मिळतायत, ती पैसे नको म्हणतेय. आणि वही सुरू केली. पहिली नोंद मोठीची, भांडी पुसताना म्हणाली, "आई, माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी असती ना." दोघी बहिणी एकाच खोलीत असतात, तिला तिचं असं काहीच नाही. कडी नाही लावता येणार, धाकटा आत अडकेल, पण कुलूप असलेली एक छोटी पेटी बघतेय. किल्ली एकच असावी आणि ती तिच्याकडेच. कुणाकडे जुनी लाकडी असेल तर सांगा, रंगवून घेईन.