सीईटी फिजिक्स: प्रोजेक्टाइल आणि मोमेंटमची गणितं – सराव कसा करावा?

रफवही:
एमएचटी-सीईटीसाठी (पीसीएम) ११वीचे ‘मोशन इन अ प्लेन’ आणि ‘लॉज ऑफ मोशन’ परत काढलेत. फॉर्म्युले पाठ आहेत, सरळ गणित सुटतं. पण चेंडू गच्चीवरून फेकला, गोळी ठोकळ्यात रुतली, गोळा हवेत फुटला असलं काही आलं की मी अडकते. वैताग म्हणजे माझं उत्तर पर्यायांत असतं, तरी चुकीचं निघतं. सराव कुठल्या क्रमाने करू? किती गणितं पुरतील?

पाटीपेन्सिल:
पर्यायांत असणारच. चुकीचे पर्याय नेहमीच्या चुकांवरूनच बेतलेले असतात. हे घे: १५ मी उंच गच्चीवरून चेंडू २० मी/से वेगाने, क्षितिजाच्या वर ३०° कोनात फेकला. इमारतीच्या पायथ्यापासून किती लांब पडेल? जी (गुरुत्वत्वरण) = १० धर.

थेट रेंजचा (फेकल्यापासून पडेपर्यंतच्या आडव्या अंतराचा) फॉर्म्युला घातलास की ३४.६ मी येतं. पण फेकण्याची आणि पडण्याची जागा एकाच पातळीवर असेल तेव्हाच तो चालतो. त्याऐवजी कागदाच्या मधोमध उभी रेघ मार. डावीकडे आडवी गती, उजवीकडे उभी. वरची दिशा अधिक, हे कोपऱ्यात बाण काढून लिहूनच टाक. उजवीकडे: सुरुवातीचा वेग २० × साइन ३० = +१०, त्वरण −१०, विस्थापन −१५. म्हणजे −१५ = १०टी − ५टी², आवरून टी² − २टी − ३ = ०, टी = ३ से. हा टी डावीकडे ने: १७.३ × ३ = ५२ मी. दोन्ही बाजूंना सामाईक असते ती फक्त वेळ. रेघ ओलांडून दुसरं काहीही न्यायचं नाही.

आता चुका बघ. वेग, जी आणि १५ तिन्ही अधिक धरलेस तर टी = १ से आणि उत्तर १७.३ मी येतं. ते चेंडू ३०° खाली फेकल्याचं उत्तर आहे. फक्त विस्थापन +१५ धरलंस तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. तसं झालं की आकडेमोड तपासत बसू नकोस, चिन्ह चुकलंय.

लंबक:
मोमेंटमची (संवेग, म्हणजे वस्तुमान × वेग) गोची वेगळी. फॉर्म्युला एकच, पण तो कुठल्या क्षणापासून कुठल्या क्षणापर्यंत लागू आहे हे आपण ठरवायचं असतं.

२० ग्रॅमची गोळी २०० मी/से वेगाने येऊन टांगलेल्या १.९८ किग्रॅच्या ठोकळ्यात रुतते. ठोकळा किती उंच जाईल? रुतेपर्यंत मोमेंटम अक्षय्य (एकूण तेवढाच राहतो): ०.०२ × २०० = २ × व्ही, म्हणून व्ही = २ मी/से. रुतल्यानंतर ऊर्जा अक्षय्य: व्ही² भागिले २जी = ०.२ मी. पहिल्यापासूनच ऊर्जेचं समीकरण मांडलंस तर २० मी येतात, शंभरपट! गोळीकडे ४०० जूल होते, रुतल्यावर गतिज ऊर्जा ४ जूलच उरते. बाकीची लाकूड फाटण्यात आणि उष्णतेत गेली.

हाच ठोकळा १.२५ मी उंच टेबलाच्या अगदी कडेला ठेवला तर? खाली यायला ०.५ से, म्हणजे टेबलापासून १ मी अंतरावर पडेल. दोन्ही धडे एका गणितात आले.

आणि भिंतीवरचा चेंडू: १५० ग्रॅम, २० मी/से ने आपटून १५ ने परत. बदल ०.१५ × (१५ + २०) = ५.२५ न्यूटन-सेकंद. दिशा विसरलीस की ०.७५. तिरका आपटला असेल तर कोन भिंतीशी दिलाय की भिंतीच्या लंबाशी, हे वाचल्याशिवाय साइन-कॉस ठरवू नकोस.

कोटिकोन:
पाटीपेन्सिल, पद्धत मान्य. पण फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, कॅल्क्युलेटर नाही. प्रत्येक गणिताला उभी रेघ मारत बसलं तर वेळ कुठून आणायचा? थोडे शॉर्टकट हवेतच. रेंज = ४ × सर्वोच्च उंची × कॉट थीटा (थीटा म्हणजे फेकण्याचा कोन). कोटिकोनांना (बेरीज ९०° होणारे कोन: ३०–६०, २०–७०) रेंज सारखीच, आणि त्या दोन उंचींच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची चौपट म्हणजे ती रेंज. वेग सुरुवातीच्या वेगाला लंब कधी होईल? यू (सुरुवातीचा वेग) भागिले (जी × साइन थीटा) इतक्या वेळाने.

११वीचा वाटा साधारण २० टक्केच आहे, तेव्हा यावर महिना घालवू नकोस. निगेटिव्ह मार्किंगही नाही. अडलं की दोन पर्याय कापून पुढे जा.

पाटीपेन्सिल:
शॉर्टकट हवेत, पण शेजारी अट लिहून. तो लंबाचा फॉर्म्युला ४५° च्या खाली निरर्थक आहे, तोवर चेंडू जमिनीवर टेकलेला असतो. 

क्रमाबद्दल: आधी २० गणितं फक्त मांड, सोडवू नकोस. प्रोजेक्टाइलमध्ये दोन रकाने भर, मोमेंटममध्ये ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन चित्रं बाणांसकट काढ. मग तीच सोडव. त्यानंतर मागच्या वर्षांचे प्रश्न घड्याळ लावून, एकाला एक मिनिट. चुकलेल्यापुढे ‘चिन्ह’, ‘कोन’, ‘टप्पा’ किंवा ‘आकडेमोड’ एवढाच शेरा मार. चार-पाच दिवसांत कुठला शेरा जास्त दिसतो ते कळेल आणि तेवढ्याचीच गणितं काढता येतील. टक्करींसाठी लांबलचक फॉर्म्युल्यांपेक्षा मोमेंटमचं समीकरण आणि ‘ई’चं (नंतर दूर जाण्याचा वेग भागिले आधी जवळ येण्याचा वेग) समीकरण अशी दोन मांडून सोडवणं सुटसुटीत.

रफवही:
खूप मदत झाली! गोळा फुटण्याचं राहिलं. ४० मी/से, ६०°, सर्वोच्च बिंदूवर दोन समान तुकडे, एक सरळ खाली पडतो. गुरुत्वाकर्षण हे बाहेरचं बल आहे ना, मग मोमेंटम अक्षय्य कसा?

लंबक:
फुटणं क्षणार्धात होतं, तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाचा आवेग नगण्य असतो. फेकल्यापासून वर पोचेपर्यंतच्या काळात मात्र उभ्या दिशेचा मोमेंटम बदलत गेलाय, तो अक्षय्य धरायचा नाही. वर फक्त आडवा वेग उरतो, ४० × कॉस ६० = २०. एक तुकडा शून्यावर आला म्हणून दुसरा ४० ने निघतो. खाली यायला ३.४६ से, तेवढ्यात तो १३८.६ मी पुढे जातो. सर्वोच्च बिंदू फेकल्या जागेपासून आडव्या दिशेत ६९.३ मी अंतरावर होता, म्हणून एकूण सुमारे २०८ मी, म्हणजे मूळ रेंजच्या दीडपट.

पडताळणी सेंटर ऑफ मासने (वस्तुमानाच्या मध्याने) कर: पहिला तुकडा अर्ध्या रेंजवर, दुसरा दीडवर, सरासरी बरोबर एक रेंज. दोन्ही तुकडे एकाच वेळी टेकतात म्हणून हे जमतं. फुटताना एक उभा वर आणि एक खाली उडाला असेल, तर सेंटर ऑफ मास जुन्या मार्गावर राहतो तो पहिला तुकडा जमिनीला लागेपर्यंतच. तिथे ही पडताळणी लावायची नाही.