चिपळूणला आईबाबांसाठी फ्लॅट: तळमजला की तिसरा? आणि गावच्या घरातलं सामान मावेल कसं?

गुहागरची_लेक
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय. आमचं गावचं घर गुहागर तालुक्यात, चिऱ्याचं, कौलारू, पडवी माजघर आणि वर माळा. बाबा ७४ आणि आई ६९, पावसात दवाखान्यात न्यायचं म्हणजे दरवेळी गाडी शोधण्यापासून सुरुवात, म्हणून चिपळूणला टूबीएचके घ्यायचं ठरलंय. दोन बघितलेत. एक बाजारपेठेजवळ तळमजला, बाबांच्या गुडघ्यांना सोयीचा आणि तीनेक लाख स्वस्त. दुसरा जरा वरच्या अंगाला, तिसरा मजला, लिफ्ट आहे, मोठी बेडरूम पश्चिमेला. दुसरी अडचण आईची. तिची तांब्यापितळेची भांडी, भाताची पिंपं, बेगमीचे डबे, लोखंडी ट्रंक, एवढं सगळं ६४० चौरस फूट कार्पेटमध्ये (भिंतींच्या आतली जागा) ठेवायचं कुठे? बिल्डरचा माणूस म्हणतो की सगळीकडे फर्निचर करून देतो, पण मला त्याचीच भीती वाटते. कोणी केलंय का असं?

वाशिष्ठीकाठ
ताई, आधी तळमजल्याचं बोलतो. २२ जुलै २०२१ ला आम्ही बाजारपेठेच्या बाजूलाच तळमजल्यावर होतो, पहाटे पाणी उंबऱ्याला लागलं आणि कपाटातलं वरच्या कप्प्यात टाकेपर्यंत कमरेला आलं, मग सगळं तसंच सोडून जिन्यावर गेलो. दोन दिवसांनी खाली उतरलो तर फ्रिज आडवा पडलेला आणि घराच्या कागदांची फाईल चिखलात, पानं एकमेकांना अशी चिकटली होती की सुटी करायला गेलं की फाटायची. २००५ ला पण इथे पाणी भरलेलं, म्हणजे एकदाच झालं म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. तुम्ही त्या बिल्डिंगच्या शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा की दोन्ही वेळेला पाणी कुठपर्यंत होतं, तो भिंतीवर हात लावून दाखवेल. नगरपरिषदेत जाऊन प्लॉट निळ्या की लाल पूररेषेत (नदीच्या पुराची हद्द दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा) येतो तेही बघून घ्या. तीन लाख वाचतायत खरे पण एका पुरात त्याच्या दुप्पट जातात, आणि म्हाताऱ्या माणसांना तेवढ्या वेळात वर कोण नेणार. तिसराच घ्या. फक्त लिफ्टला जनरेटर आहे का आणि तो खाली जमिनीवर बसवलाय की उंचावर, हे नक्की विचारा. २०२० च्या निसर्ग वादळात दापोली मंडणगडला कित्येक दिवस लाईट नव्हती.

रत्नागिरी_झड
वरच्यांशी सहमत, पण पश्चिमेच्या बेडरूमबद्दल सांगते कारण आमच्याकडे तेच झालं. नैऋत्येची झड चार महिने त्या भिंतीवर आपटते. आम्ही हौसेने त्याच भिंतीला छतापर्यंत वॉर्डरोब करून घेतला, भिंतीला अगदी चिकटून, प्लाय साधा. दुसऱ्या श्रावणात वास यायला लागला म्हणून कपडे काढले तर पाठीमागचा प्लाय ओल्या पापडासारखा सुटलेला आणि सासूबाईंच्या दोन पैठण्यांवर काळे ठिपके, ते आजतागायत गेले नाहीत. तेव्हा सगळीकडे फर्निचर अजिबात करू नका. कपाटं आतल्या भिंतींना, म्हणजे दोन खोल्यांमधल्या. बाहेरच्या भिंतीला ठेवावंच लागलं तर मागे चार बोटं जागा सोडा आणि खाली पाय असू देत म्हणजे झाडू जातो, वारा फिरतो. प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघूनच, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) इकडच्या हवेत फुगतं. स्वयंपाकघरात मात्र कडाप्प्याच्या फळ्या टाका, खर्च कमी आणि कुजणं नाही वाळवी नाही. माळ्याला लाकडी दारं न लावता जाळीची लावा. आणि फ्लॅट आत्ता मे महिन्यात बघून टोकन देऊ नका हो, जुलैत सलग आठ दिवस पाऊस लागला की जाऊन त्या पश्चिमेच्या भिंतीला तळवा टेकून बघा. थंड आणि चिकट लागली तर ओल आत आलीय, वरून कितीही रंग मारलेला असू दे.

मालवणी_काकी
आमच्याकडे म्हणतत, घर पावसात बघूक व्हया. बरोबर सांगितलं वरती.
आईच्या सामानाचं सांगते. भाताची पिंपं टाकू देऊ नकोस गं, फक्त दोघांना लागेल तेवढीच ठेव, दोन पुरतात. कडक उन्हात तांदूळ वाळवून, पूर्ण निवल्यावर भरायचे, गरम भरले की आत घाम धरतो आणि मग पोरकिडे. मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला. पिंप लादीवर नको, पाटावर. तूरडाळीला एरंडेल चोळून ठेवते मी, वर्ष जातं. आमसुलं चिनी मातीच्या बरणीत, मीठ लावून. सुकट सोडे मात्र वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात आणि तो डबा बाल्कनीजवळ, नाहीतर वास चादरींना लागतो. पितळेची भांडी रोज लागतात ती खाली, बाकीची पुसून कोरडी करून सुती फडक्यात गुंडाळून ट्रंकेत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की हिरवी पडतात. आणि आईला विचारल्याशिवाय काही देऊन टाकू नको. एकेक भांडं तिच्या समोर काढ, कोणी दिलं कधीचं ते ती सांगेल, मग ठेवायचं काय ते तिचं तीच ठरवते. माझ्या आईने अर्ध्याहून जास्त स्वतःच वाटून टाकली.

गुहागरची_लेक
काकी, शेवटचं वाचून डोळ्यात पाणी आलं. तळमजला कॅन्सल, बाबांना तो फाईलचा प्रसंग वाचून दाखवला, ते पण हो म्हणाले. टोकन जुलैनंतरच. कागदांचं काय बघू?

सातबारा_दादा
भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा नगरपरिषदेचा दाखला, आधी मागा, फ्लॅट तयार असेल तर ते हवंच. महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साईटवर प्रकल्पाचा नंबर टाकून मंजूर नकाशा आणि कार्पेट तपासा. खालची जमीन सामाईक सातबाऱ्यातली असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आहेत का बघा, आपल्याकडे मुंबईतला एखादा चुलता हमखास राहतो. वकिलाकडून मालकीच्या जुन्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च घ्या. खरेदीखत आईच्या एकटीच्या नावावर केलंत तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळते.

गुहागरची_लेक
आईच्या नावावरच करू मग. दोन पिंपं आणि ट्रंक न्यायची ठरली, मापं घेतली, पिंपाचा घेर दारातून जातोय.

वाशिष्ठीकाठ
ताई, घराचं दार राहू द्या, लिफ्टचं दार मोजा. आमची ट्रंक तिथेच अडली होती, मग चौघांनी जिन्यावरून चढवली.