१:४०० च्या ७४७ मॉडेलवर पंखाच्या मुळाशी फोड: रंग गेला की धातू?

रावपुरा_४००
एअर इंडियाच्या ७४७-४०० चं छोटं मॉडेल, मेटल बॉडी. डाव्या पंखाच्या मुळाशी रंगाखाली राईएवढे तीन फोड आलेत. पोटाखालच्या लँडिंग गियरचं एक चाकही निखळलंय. सगळी विमानं प्लायवुडच्या बंद कपाटात आहेत, आत डांबराच्या गोळ्या. चाक इन्स्टंट ग्लूने लावू का? आणि हे फोड बाकीच्यांना लागतील का? बडोद्यात पाऊस धरलाय, म्हणून घाई.

हरणी_फायनल
डांबरगोळ्या आजच बाहेर काढा. नॅप्थलिनच्या वाफेने रंग आणि प्लास्टिक मऊ पडतं.

फोड भिंगातून बघा. कडेने केसासारखी चीर निघाली असेल तर ते झिंक पेस्ट (इंग्रजी pest, म्हणजे कीड; लेप नव्हे), मॉडेलच्या जस्ताच्या धातूला आतून लागणारा गंज. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं ०.००५ टक्क्याच्या वर गेलं की गंज कणांच्या सांध्यांतून आत शिरतो आणि धातू फुगतो. दमट हवेत हे भराभर वाढतं. यावर इलाज नाही. रंग खरवडून नवा दिलात तरी खालून फुटणारच. लागण मात्र होत नाही. शेजारचं विमान बिघडलंच तर ते त्याच्याच धातूमुळे.

चीर नसेल तर बहुधा रंगाची पकड सुटली आहे. टाचणीने फोडू नका, ओल आत जाते.

सुरसागर_एप्रन
इन्स्टंट ग्लू नको. वाफेने आजूबाजूच्या चकचकीत रंगावर पांढरी साय धरते, ती पुसून जात नाही. अराल्डाइटचे दोन्ही भाग समान घ्या, टूथपिकच्या टोकावर खसखशीएवढा थेंब, तोही फक्त आसाच्या टोकाला. चाकाच्या बाजूला लागला तर चाक फिरायचं थांबलं म्हणून समजा. विमान त्याच्याच प्लास्टिक ट्रेमध्ये उलटं ठेवून २४ तास हात लावू नका. चाकं निखळतात ती विमान फळीवर आडवं सरकवल्याने. उचलताना पंखांच्या मुळाशी फ्युजलाज (विमानाचं धड) धरा. इंजिन किंवा शेपटी नाही.

प्लायवुडबद्दल: त्यातून आम्लाची वाफ येत राहते आणि जस्ताला ती सोसत नाही. काच-ॲल्युमिनियमचं शोकेस बरं. तोवर रबरपट्टीचा ३० लिटरचा डबा, १०० ग्रॅम सिलिका जेल आणि आत छोटा हायग्रोमीटर (दमटपणा मोजायला). काटा ५० टक्क्यांच्या पुढे गेला की जेल ११० अंशांवर दोन तास भाजा. डब्यात जुना फोम घालू नका, तो चिकट होऊन रंगाला धरतो.

रावपुरा_४००
भिंगातून चीर दिसतेय, दोन फोडांना जोडणारी. डाव्या पंखाचं टोक उजव्यापेक्षा २ मिमी खाली आहे.

हरणी_फायनल
मग झिंक पेस्टच. चाक लावा, पण पंख सरळ करायला जाऊ नका, तुटेल. दर महिन्याला दोन्ही टोकांची फळीपासूनची उंची मोजून तारखेसह लिहून ठेवा. विकायचं झालं तर फोडांचे फोटो आधी टाका.